पंचांची दृष्टि

सन १९११ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस हेग येथें पांच विद्वान् गृहस्थांनीं एक निकाल दिला. तंटा फ्रान्स आणि इंग्लंड या दोन सरकारांमधला होता, आणि तंट्याचा विषय होता एक तरुण मराठी माणूस. १९१० च्या जुलैच्या ८ तारखेस सकाळीं विनायक दामोदर सावरकर यांनीं मार्सेलिस बंदरांत उभ्या असलेल्या ‘मोरिया’ बोटींतून समुद्रांत उडी टाकली; ते फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले, आणि तेथें एका फ्रेंच शिपायानें त्यांस पकडून पुन्हां बोटीवरच्या पोलिसांच्या हवालीं केलें, हा इतिहास महाराष्ट्रांत शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. परक्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या मनुष्यास अशा रीतीनें परत नेलें असतां इंग्लंडनें त्यास फ्रान्सच्या स्वाधीन करावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न पंचांपुढें होता. पंचांनीं सांगितलें कीं, झालें तें नियमास सोडून झालें खरें. परंतु कोणीं कपट केलें नाहीं, कोणीं बळजबरी केली नाहीं. आणि परक्या सरकारच्या नोकराच्या चुकीमुळें कैदी आपल्या हातीं आला तर तो परत केलाच पाहिजे, असा नियम राष्ट्राराष्ट्रांमधील कायद्यांत कोठेंहि नाहीं.

या निकालाचें बरेवाईटपण येथें ठरवावयाचें नाहीं. त्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस विचार करावयाचा आहे तो त्या पांच माणसांचा. अध्यक्ष होते बेल्जमचे माजी मुख्य प्रधान बेरनार्ट. त्यांच्याबरोबर फ्रान्सचे लुई रेनो, नॉर्वेचे ग्राम, हॉलंडचे सॅव्होर्निन लोमान आणि इंग्लंडचे लॉर्ड डेसार्ट. पैकीं बेरनार्ट व रेनो या दोघांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालेलें होतें. लांच, भय, द्वेष असल्या गोष्टींचा संशय या मंडळीविषयीं घेण्यास जागा नाहीं, आणि आम्ही तो घेतहि नाहीं. शिवाय वादी आणि प्रतिवादी अशा दोन्ही सरकारांचा एकेक माणूस मेजाशीं बसलेला होता. म्हणजे आपलें म्हणणें आंतून समजूं शकणारा एक तरी पंच असावा, हें तत्त्व त्या काळींहि मान्य होतें. मात्र ज्याच्या देहाविषयीं वाद चालला होता तो या वादांत पक्षकार नव्हता, आणि त्याचा देशहि नव्हता. पांचहि पंच युरोपांतले, पांचहि पुरुष, पांचहि सरकारी कामांत मुरलेले. हीं नांवेंहि त्या काळच्या कज्जांत पुन्हां पुन्हां भेटतात. जपानच्या तीन युरोपीय राष्ट्रांशीं झालेल्या घरपट्टीच्या तक्रारीचा निकाल १९०५ सालीं लागला, तेव्हां तीन पंचांपैकीं दोन हेच रेनो आणि ग्राम होते. तिसरा पंच जपानी होता. त्याचें मत विरुद्ध पडलें, आणि लवाद म्हणजे युरोपीयांचें आपसांतलें काम, अशी जी समजूत जपानांत त्या वेळीं रुजली ती लवकर गेली नाहीं. लोमान हे १९०२ सालीं अमेरिका व मेक्सिको यांच्या वादांत पंच होते, आणि १९१० सालीं अटलांटिकमधील मासेमारीच्या वादांतहि होते. गांवांतल्या चार घरांनींच पिढ्यान् पिढ्या पंचाईत चालवावी तसें हें झालें होतें.

या गोष्टीला आतां शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. राष्ट्राराष्ट्रांतले, तसेच सरकारें आणि परदेशी कंपन्या यांच्यामधले तंटे लवादाकडे सोंपविण्याची रीत तेव्हांपेक्षां कितीतरी पटींनीं वाढली आहे. पॅरिस, लंडन, जिनीव्हा, सिंगापूर अशा शहरांतील बंद दिवाणखान्यांत तीन पंच बसतात, आणि एखाद्या देशाच्या तिजोरींतून काय जावें हें ठरवितात. त्या निर्णयावर बहुधा अपील नसतें. हे पंच कोण असावे आणि त्यांच्यापुढें बोलणारे वकील कोण असावे, हा प्रश्न अलीकडे त्या धंद्यांतले लोकच मोठ्यानें विचारूं लागले आहेत. स्त्रिया थोड्या, आफ्रिकेंतले लोक फारच थोडे, आशियांतले असावे तितके नाहींत, असें आंकडे सांगतात. परंतु आंकड्यांकडे वळण्यापूर्वीं एका आडव्या प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें, आणि तो प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

आमचे एक स्नेही आहेत. त्यांचें सारें आयुष्य वकिलींत गेलें. हा विषय निघाला तेव्हां ते म्हणाले, “सोनाराच्या तराजूला कोणी जात विचारतो काय? पंच निःपक्षपाती असला म्हणजे झालें. तो काळा कीं गोरा, बाई कीं पुरुष, यानें काय होणार? समजा, हेगच्या त्या पांचांत एक हिंदी मनुष्य बसविला असता. त्यानेंहि तोच निकाल दिला असता तर त्याला बसवून मिळविलें काय? आणि हिंदी म्हणून त्यानें निराळा निकाल दिला असता, तर तो पंच कसला? तो आपल्या बाजूचा वकील, चुकून वरच्या खुर्चीवर जाऊन बसलेला!”

हा पेंच खरा आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. विविधतेचा कैवार घेणारे पुष्कळ लोक नकळत या पेंचांत सांपडतात. कोणी म्हणतो, स्त्रियांचें अंतःकरण कोमल असतें, म्हणून त्यांचे निकाल अधिक दयाळू होतील. ज्या स्त्रीनें तीस वर्षें कायद्याचा अभ्यास केला तिची याहून मोठी अवहेलना दुसरी कोणती? दुसरा म्हणतो, निकाल तेच राहतील, पण बाहेरून पाहणाऱ्यास बरें दिसेल. म्हणजे ज्याला नेमावयाचें त्यानें केवळ शोभेसाठीं बसावयाचें! स्वाभिमानी मनुष्यास हीं दोन्ही आमंत्रणें सारखींच त्याज्य वाटतील. तेव्हां स्नेह्यांच्या प्रश्नाला या दोहोंहून वेगळें उत्तर असेल तरच पुढें बोलण्यांत अर्थ आहे.

तें उत्तर शोधतांना आम्हांस एक दुसरा खटला आठवला. तोहि हेगचाच, आणि त्याचाहि संबंध मराठ्यांशीं आहे. १९५४ सालीं दादरा आणि नगर हवेली येथील पोर्तुगीज अंमल उठला. दमणहून तेथें जाण्यास हिंदुस्थान सरकारनें पोर्तुगीजांस वाट दिली नाहीं, म्हणून १९५५ च्या अखेरीस पोर्तुगालनें आंतरराष्ट्रीय न्यायालयांत फिर्याद लावली. या न्यायालयाच्या घटनेंत दोन कलमें ध्यानांत घेण्याजोगीं आहेत. एक असें कीं, न्यायाधीश निवडतांना जगांतील प्रमुख संस्कृति आणि प्रमुख कायदेपद्धति यांचें प्रतिनिधित्व व्हावें. दुसरें असें कीं, ज्या पक्षाचा माणूस न्यायासनावर नसेल त्यानें आपला एक न्यायाधीश त्या खटल्यापुरता नेमावा. त्याप्रमाणें हिंदुस्थाननें मुंबईचे मुख्य न्यायमूर्ति महंमद करीम छागला यांस नेमलें, आणि पोर्तुगालनें आपल्या देशाचे फर्नांडिस यांस. १९६० च्या एप्रिलांत निकाल लागला, तेव्हां या दोघांनींहि आपापलीं विरुद्ध मतें लिहिलीं. छागलांचें मत हिंदुस्थानच्या बाजूचें, फर्नांडिसांचें पोर्तुगालच्या. स्नेह्यांना ही हकीकत सांगितली असती तर ते टाळी देऊन म्हणाले असते, “मीं काय सांगत होतों?”

परंतु त्या खटल्याच्या पोटांत शिरून पाहिलें म्हणजे निराळेंच कांहीं दिसतें. पोर्तुगीजांचा हक्क मूळ कोठून आला, हा तेथें एक मोठा मुद्दा होता. १७७९ सालीं पुण्यास पेशव्यांचा आणि पोर्तुगीजांचा तह झाला. त्याच्या सतराव्या कलमांत कांहीं गांवें देण्याचें वचन होतें, आणि पुढें १७८३ व १७८५ सालच्या सनदांनीं तीं गांवें त्यांच्याकडे लावून दिलीं. पोर्तुगालचें म्हणणें, गांवें दिलीं म्हणजे राज्यच दिलें. हिंदुस्थानचें म्हणणें, दिलें तें वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचें सरंजाम किंवा जहागीर. सत्ता मराठ्यांचीच राहिली. आतां पेशव्यांच्या दफ्तराचीं चार पानें ज्यानें चाळलीं आहेत त्यास येथें अडखळण्याचें कारण नाहीं. सरंजाम म्हणजे काय, तो कसा लावून देतात आणि कसा काढून घेतात, धनी कोण आणि भोगवटदार कोण, हें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. पण युरोपांतील राजांचे तह वाचून ज्याचें मन घडलें त्याच्या कानीं ‘गांवें दिलीं’ हे शब्द पडले कीं त्यास नकाशावरची रेघ सरकलेली दिसते. यांत त्याचा दुष्टपणा नाहीं. त्याच्या भाषेंत त्या शब्दांचा तोच अर्थ होतो.

न्यायालयानें या मुद्द्यावर हिंदुस्थानचें म्हणणें मान्य केलें. तहाचे निरनिराळे पाठ त्यापुढें ठेवले गेले होते; ते तपासून न्यायालयानें म्हटलें कीं, मराठ्यांनीं दिली ती सरंजामाची महसुली देणगी, असल्या देणग्या हिंदुस्थानांत सर्रास होत्या, आणि तशा देणगीनें राज्य दिलें गेलें असें एकहि उदाहरण दाखविण्यांत आलेलें नाहीं. (पुढें इंग्रजांनीं पोर्तुगीजांस तेथील धनी म्हणून वागविलें, एवढ्यावरून पोर्तुगालला मुलकी माणसें व माल नेण्यापुरता वाटेचा हक्क होता असें ठरलें, फौजेला आणि शस्त्रांना नाहीं, आणि १९५४ सालीं हिंदुस्थाननें वाट बंद केली त्यांत त्याच्याकडून कर्तव्यभंग झाला नाहीं, असेंहि ठरलें.) पंधरा न्यायाधीशांपैकीं मोडी कागद हाताळलेला कोण असणार? तरीहि सरंजामाचा अर्थ त्यांस कळला. तो कळला, कारण समोर उभें राहून तो समजावून देणारे कोणी होते. अॅटर्नी-जनरल मोतीलाल सेटलवाड हे त्यांचे प्रमुख. आणि त्यांच्या सोबतीस इंग्लंडचे सॉस्किस व वॉल्डॉक, बेल्जमचे रोलँ, स्वित्झर्लंडचे गुगेनहाइम. स्वतंत्र हिंदुस्थानालाहि आपला कज्जा मांडण्यास युरोपचे एवढे वकील लागले, ही गोष्ट वाचतांना मनाला थोडी टोंचते. तिजकडे पुढें पुन्हां येऊं.

तेव्हां स्नेह्यांचें म्हणणें अर्धें खरें ठरलें. न्यायाधीशास जें ठाऊक नाहीं तें वकील सांगूं शकतो, कागद सांगूं शकतात. त्यासाठीं न्यायासनावर आपला मनुष्य हवाच असें नाहीं. पण हें सर्व केव्हां घडतें? आपणांस कांहीं ठाऊक नाहीं, हें न्यायाधीशास ठाऊक असतें तेव्हां. तें नसलें म्हणजे काय होतें त्याचें उदाहरण याच काळांतलें आहे.

अबू धाबीच्या शेखानें १९३९ सालीं एका तेलकंपनीला आपल्या मुलखांत तेल शोधण्याचा मक्ता दिला. किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाखालच्या तेलावरहि कंपनीचा हक्क पोंचतो काय, यावरून तंटा झाला, आणि १९५१ सालीं लॉर्ड अॅस्क्विथ यांनीं मुख्य पंच या नात्यानें त्याचा निकाल दिला. करार अबू धाबीस झाला, त्याची अंमलबजावणीहि तेथेंच व्हावयाची. म्हणून साधारणपणें तेथलाच कायदा लागावा, हें त्यांनीं कबूल केलें. परंतु, ते म्हणाले, तेथें कायदाच नाहीं. शेख कुराणाच्या आधारानें आपल्या मर्जीप्रमाणें न्याय करतो. इतक्या मागासलेल्या प्रदेशांत आधुनिक व्यापारी कराराचा अर्थ लावण्यास उपयोगी पडतील असे ठरीव कायदेशीर सिद्धांत असतील ही कल्पनाच चमत्कारिक आहे. असें म्हणून त्यांनीं सुधारलेल्या राष्ट्रांच्या सर्वसामान्य तत्त्वांचा आधार घेतला. आणि हीं तत्त्वें शोधतांना हात पुष्कळदां गेला तो इंग्लंडच्या कायद्याकडेच.

इस्लामी कायद्यांत करारावर जें वाङ्मय आहे तें हजार वर्षांचें आहे. तुर्की सल्तनतीनें १८६९ ते १८७६ या काळांत त्यांतील व्यवहाराचे नियम कलमवार छापूनहि काढले होते. तें पुस्तक अबू धाबीस लागू नव्हतें, हें खरें. पण असें पुस्तक होऊं शकतें एवढें तरी त्यावरून कळलें असतें. आणि ज्या लंडन शहरांत अॅस्क्विथसाहेब राहत होते, तेथेंच प्रिव्ही कौन्सिल हिंदुस्थानांतील मुसलमानांच्या दाव्यांत इस्लामी कायद्याचा कीस कित्येक दशकें काढीत आलें होतें. दोन रस्ते ओलांडून विचारलें असतें तरी पुरें होतें!

आतां या निकालाचा जो भाग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो तो सांगतों. समुद्रतळाच्या मुख्य प्रश्नावर अॅस्क्विथ यांनीं निकाल दिला तो शेखाच्या बाजूनें. कंपनी इंग्रजी वळणाची, पंच इंग्रज, आणि तरीहि दूरच्या समुद्रतळावर कंपनीचा हक्क नाहीं असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. म्हणजे निःपक्षपातीपणांत हे गृहस्थ कसास उतरले. त्यांच्या मनांत शेखाला बुडविण्याची इच्छा नव्हती. फक्त शेखाच्या देशाला कायदा असूं शकतो ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढें आलीच नाहीं. शेख जिंकला, आणि तरीहि अरब कायदेपंडितांच्या लिखाणांत त्या एका वाक्याचें शल्य आजहि आढळतें.

आमच्या स्नेह्यांना उत्तर द्यावयाचें तें येथें. पक्षपात हा इच्छेचा दोष आहे. न दिसणें हा लक्षाचा दोष आहे. पहिल्या दोषावर विविधता हें औषध नव्हे. छागला आणि फर्नांडिस यांचीं मतें कोणत्या बाजूस गेलीं तें आपण पाहिलेंच. ज्यानें त्यानें आपला मनुष्य बसविल्यानें तराजूच्या दोन पारड्यांत दोन सारखीं वजनें पडतात, इतकेंच. पण दुसरा दोष असा आहे कीं, तो एकट्याला स्वतःचा स्वतः कधींच सांपडत नाहीं, आणि एकाच शाळेंत शिकलेल्या, एकाच क्लबांत जेवणाऱ्या तिघांना मिळूनहि सांपडत नाहीं. कारण जें एकाला दिसत नाहीं तेंच नेमकें दुसऱ्यालाहि दिसत नाहीं. तेथें “थांबा, हें वाक्य पुन्हां वाचूं या” असें म्हणणारा मनुष्य पाहिजे. अॅस्क्विथ यांच्या शेजारीं असा मनुष्य असता तर निकाल बदलला नसता. शेखच जिंकला असता. तें वाक्य मात्र लिहिलें गेलें नसतें, आणि ज्या कायद्यानें निकाल व्हावयाचा त्याचा शोध तरी घेतला गेला असता. निकाल तोच राहिला तर मिळविलें काय, या प्रश्नाला आम्ही असें उत्तर देतों कीं, निकालाच्या शेवटच्या ओळीखेरीज त्यांत आणखीहि पुष्कळ असतें.

हेगच्या पांचांविषयींहि तेंच. त्यांनीं जें मोजलें तें दोन सरकारांचें वर्तन: कोणीं फसविलें काय, कोणीं जबरदस्ती केली काय. दोन्ही सरकारें प्रामाणिक ठरलीं. आणि तेवढ्यानें मोजणी संपली. ज्यानें सरकारला नेहमीं सरकारच्या खुर्चींतूनच पाहिलें त्याला ही मोजणी पुरी वाटणें स्वाभाविक आहे. दोन प्रामाणिक सरकारांच्या चुकीचें ओझें तिसऱ्याच्याच मानेवर कां, हा प्रश्न विचारणारा त्यांत कोणी असता तर त्यानेंहि कदाचित् शेवटीं त्याच कागदावर सही केली असती. पण प्रश्न कागदावर आला असता.

येथें एक शंका प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. साम्य हें नेहमींच वाईट काय? इंग्लंडांत एक खटला झाला, त्याचा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला. दोन इस्माइली व्यापाऱ्यांनीं १९८१ सालीं भागीदारी करतांना लिहून ठेविलें होतें कीं, तंटा झाल्यास सर्व पंच आपल्या जमातीचेच प्रतिष्ठित लोक असावे. पुढें तंटा झाला, आणि एकानें जमातीबाहेरचा निवृत्त इंग्रज न्यायाधीश पंच म्हणून नेमला. ती अट धर्मावरून भेद करते, म्हणून बेकायदा आहे, असें त्याचें म्हणणें. मधल्या न्यायालयानें तें मान्य केलें. सर्वोच्च न्यायालयानें फिरविलें. पंच हा कोणाचा नोकर नव्हे, म्हणून नोकरींतील भेदभावाचा कायदा त्याला लागत नाहीं, असें ठरलें. आम्हांस हा निकाल योग्य वाटतो. घरची रीतभात जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांनींच आपला तंटा तोडावा अशी दोघांचीहि इच्छा असेल, तर तिसऱ्यानें मध्यें कां पडावें? आपल्याकडील गोतसभा दुसरें काय होती? पण त्याच गोतसभेच्या महजरावर पाटलाच्या नांगरापासून बलुतेदारांच्या हत्यारांपर्यंत निरनिराळ्या निशाण्या असत, हें विसरूं नये; आणि गांवच्या गोताचा भरंवसा न वाटल्यास वादी परस्थळ मागे, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या पंचांकडे तंटा नेऊं शके. आपल्यांतला हवा कीं परका हवा, हें प्रसंगावर होतें, आणि दोन्ही पक्षांनीं मिळून ठरवावयाचें होतें.

आजच्या आंतरराष्ट्रीय लवादांत जें खटकतें तें साम्य निराळें आहे. तेथें एक पक्ष आफ्रिकेंतला, दुसरा युरोपांतला. आणि पंच एका तिसऱ्याच जमातीचे: लंडन-पॅरिस-न्यूयॉर्कच्या वकिलांच्या जमातीचे. ही जमात स्वतःला जमात म्हणत नाहीं. ती स्वतःला ‘तटस्थ’ म्हणते.

आतां थोडे आंकडे. आंतरराष्ट्रीय न्यायालय व त्याच्या आधींचें तशाच नांवाचें न्यायालय मिळून पाहिलें तर १९२२ पासून काम चालू आहे. त्यावर पहिली स्त्री निवडून आली ती १९९५ सालीं, इंग्लंडच्या रोझलिन हिगिन्स. लवादांत २०१५ च्या सुमारास सरासरी आठ पंचांत एक स्त्री असे. २०१९ पर्यंत पांचांत एक झाली. सरकारें आणि परदेशी भांडवलवाले यांच्या तंट्यांविषयीं २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आणखी एक मौज दिसून आली. स्त्रियांच्या ज्या नेमणुका झाल्या होत्या त्यांपैकीं सुमारें तीनचतुर्थांश दोघींच्याच होत्या, फ्रान्सच्या ब्रिजित स्टर्न आणि स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएल काउफमान-कोलर. पहिला माणूस आंत गेल्यावर दार त्याच्यामागें पुन्हां लागतें, तसेंच हें झालें.

दार कोण लावतो? येथें खलपुरुष शोधूं गेल्यास सांपडत नाहीं, आणि हाच या विषयांतला खरा नैतिक गुंता आहे. लवादांत पंच निवडण्याचा हक्क पक्षकाराचा असतो. कंपनीचे किंवा सरकारचे कोट्यवधि रुपये पणाला लागलेले असतात. वकिलापुढें दोन नांवें येतात: एक, चाळीस वेळां पंच झालेला, ज्याचे विचार सर्वांस ठाऊक, दुसरें, नैरोबीच्या एखाद्या विद्वान् बाईचें, जिच्याविषयीं चांगलेंच ऐकलेलें आहे. वकील पहिलें नांव सुचवितो. खटला हरला तर त्याला कोणी विचारणार नाहीं कीं हें नांव कां घेतलेंस. दुसरें घेऊन हरला तर विचारतील. आफ्रिकेंतलीं आणि आशियांतलीं सरकारेंहि नेमकें हेंच करतात. आपल्याच देशांतील पदवीधर बाजूला ठेवून लंडनच्या वकिलांस बोलावितात. त्यांस नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. १९६० सालीं निकाल लागलेल्या खटल्यांत आपणहि तेंच केलें. ज्याचें घर जळतें आहे त्यानें नवशिक्याच्या हातीं पोहरा द्यावा म्हणजे तो शिकेल, असा उपदेश करणें सोपें आहे. अनुभवावांचून नेमणूक नाहीं आणि नेमणुकीवांचून अनुभव नाहीं, हें रहाट प्रत्येकजण शहाणपणानें वागल्यामुळेंच फिरत राहतें.

म्हणून ही जबाबदारी पक्षकारावर टाकावी असें आम्हांस वाटत नाहीं. त्यानें आपला पंच खुशाल ओळखीचा घ्यावा. पण तीन पंचांपैकीं तिसरा, जो पुष्कळदां लवादाची संस्था नेमते, त्याची गोष्ट निराळी. संस्थेचा खटला हरत नाहीं. तिला भीतीचें कारण नाहीं. तिच्या यादींत तीच तीं नांवें असलीं तर तिला दुसरी सबब सांगतां येणार नाहीं. आणि हें अशक्य नाहीं, हें दिसूनहि आलें आहे: २०१९ च्या सुमारास संस्थांनीं नेमलेल्या पंचांत सुमारें एकतृतीयांश स्त्रिया होत्या, तर पक्षकारांनीं नेमलेल्यांत सातांत एक. हा फरक गुणवत्तेचा असेल असें कोणी म्हणत असेल तर संस्थांस गुण कळत नाहींत, असें त्यास म्हणावें लागेल.

मात्र एक गोष्ट आम्ही आपल्या बाजूविरुद्धहि सांगतों. चेहरे बदलले म्हणजे लक्ष बदलतेंच असें नाहीं. छागला हे स्वतः ऑक्सफर्डला शिकलेले होते. केनियाची मुलगी आणि कोल्हापूरचा मुलगा लंडनच्या त्याच कचेरींत वीस वर्षें काढून पंच झालीं, तर त्यांस अबू धाबीच्या वाक्यावर थांबावेंसें वाटेल काय? वाटेल किंवा वाटणार नाहीं. मनुष्याचें लक्ष जन्मानें जितकें घडतें तितकेंच वाचनानें आणि धंद्यानें घडतें. म्हणून नुसतीं डोकीं मोजणाऱ्या याद्यांवर आमचा फारसा विश्वास नाहीं. कैरो, लागोस, मुंबई येथें राहून, तेथल्याच न्यायालयांत केस पिकलेले लोक या मेजावर येतील तेव्हां कांहीं फरक पडेल, असें वाटतें.

पंचांच्या निवडीकडे दुर्लक्ष केल्याचा हिशेब कधीं कधीं फार उशिरां येतो. व्हेनेझुएला आणि ब्रिटिश गयाना यांच्या सीमेचा तंटा १८९९ सालीं पॅरिसला पांच पंचांनीं तोडला. दोन पंच इंग्रज होते. व्हेनेझुएलाच्या बाजूच्या दोन जागांवर अमेरिकेचे दोन न्यायमूर्ति बसले, आणि अध्यक्ष होते रशियाचे मार्टेन्स. ज्याची जमीन तोडली जात होती त्याचा एकहि माणूस पंचांत नव्हता. बहुतेक सारा मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि कां गेला याचीं कारणें निकालांत दिलेलीं नव्हतीं. पन्नास वर्षांनंतर व्हेनेझुएलाच्या वकिलांपैकीं एकाचें टिपण त्याच्या मृत्यूनंतर १९४९ सालीं छापून आलें. निकाल आंतून जुळवून आणलेला होता, असा त्यांत आरोप होता. तो खरा कीं खोटा हा वाद अजून चालू आहे. पण १९६२ सालीं व्हेनेझुएलानें संयुक्त राष्ट्रांपुढें जाऊन तो निकाल आपणांस बांधत नाहीं असें सांगितलें, आणि २०१८ सालीं गयानाला तोच कज्जा हेगला न्यावा लागला.

व्हेनेझुएला हें राज्य होतें. त्रेसष्ट वर्षांनीं कां होईना, त्याला उभें राहून नाकबूल म्हणतां आलें. १९११ चा निकाल हेगहून आला तेव्हां सावरकर मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत होते. जूनच्या अखेरीस त्यांस मद्रासहून अंदमानच्या बोटींत चढविलें.